चौदा किलोचं बॉनेट

रविवारी सकाळी साडेदहा वाजले की साचेवाला आपल्या गाडीसमोर उभा राही आणि म्हणे, "घे." त्याचा मुलगा वाकून बॉनेटच्या पुढच्या कडेखाली दोन्ही पंजे घाली आणि गुडघ्यांत जोर देऊन ते आधी छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर नेई. "धर," असं म्हणून साचेवाला इंजिनात डोकं खुपसे. त्यानंतर "सोड" म्हणेपर्यंत मुलानं धरून ठेवायचं. कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. तेल बघायला आणि पाणी घालायला चाळीस मिनिटं लागत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण इंजिनात डोकं घातलं की साचेवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि तो ऐकायला दोन्ही हात अडकलेला एक माणूस समोर लागायचा.

साचेवाला म्हणजे फायबरच्या वस्तू आणि त्यांचे साचे करणारा. चाळीस वर्षं त्यानं पाण्याच्या टाक्या केल्या, बाथटब केले, बसच्या खुर्च्या केल्या, आणि सगळी गल्ली त्याला त्याच नावानं ओळखू लागली. आता तो अडुसष्ट वर्षांचा होता. वर दोन खोल्या, खाली कारखाना. कारखान्यात काम असं उरलं नव्हतं, ही एक जुनी गाडी तेवढी होती. तिचं पत्र्याचं बॉनेट गंजून चाळण झालं तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं फायबरचं करून बसवलं. काचेकडच्या बाजूला बिजागऱ्या, पुढून उचलायचं.

"काठीचा टेकू का नाही लावत?" मुलानं एकदा विचारलं होतं. साचेवाल्यानं त्याला बॉनेटवरचा, चहूबाजूंनी फुटलेला एक तडा दाखवला. "हा टेकूनंच पडला. सगळा भार एका जागी येतो. हे फायबर आहे, पत्रा नाही. तुम्हा लिफ्टवाल्यांना काय कळणार त्यातलं?" तडा खरा होता. पुरावा म्हणून उपयोगी पडतो हे कळल्यावर साचेवाल्यानं तो कधी बुजवला नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, दोन बस बदलून यायचा आणि हात वर करून उभा राहायचा.

"अजून तेच काम का रे?" इंजिनातून आवाज यायचा. "बटण दाबलं की माणूस वर जातो. त्यात तुझं काय कर्तृत्व? बटण दाबणाऱ्याचं म्हणावं फार तर."

मुलगा भार एका हातावरून दुसऱ्या हातावर घ्यायचा.

"तुझी बायको माझा फोन उचलत नाही. शहाणी आहे. त्या घरात कोणाचं ऐकायचं नाही हे तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार. तुझ्याकडे बघून." मग जरा थांबून, "हात थरथरतायत तुझे. तुझ्या वयाचा असताना मी टाकी एकट्यानं डोक्यावर घेऊन जिना चढायचो."

आणि सगळ्यात शेवटी, ताटातला आवडीचा घास शेवटी खावा तसं, तो आईचं काढायचा. "लोकांना वेळेवर आपापल्या मजल्यावर पोचवायचं, हा तुझा धंदा. तुझी आई दवाखान्यात दाराकडे डोळे लावून पडली होती. आणि तू आलास दीड तास उशिरा. तोवर चेहरा झाकला होता तिचा."

त्या दिवशी मुलगा नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये होता. लिफ्टमध्ये पाच माणसं अडकली होती आणि त्याचा फोन खाली पिशवीत वाजत होता. हे त्यानं एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. साचेवाल्याला ते पटलंही होतं. म्हणून काय झालं? जखम कुठं आहे हे माहीत असलं की माणसाचा हात बरोबर तिथंच जातो, आणि साचेवाल्याच्या हातात तर मीठ कायमच असायचं.

पोटच्या पोराशी असं का वागायचं? मला विचाराल तर त्या माणसाच्या जिभेला दुसरं वळणच नव्हतं. सोमवार ते शनिवार तो कोणाशी चार शब्द बोलत नसे. गुरुवारपासून रविवारची वाट बघायला लागायचा. शनिवारी संध्याकाळी कारखाना झाडायचा, मुलासाठी स्टूल पुसून ठेवायचा आणि त्यावर मुलाला कधीही बसू द्यायचा नाही. मुलगा यावा, समोर उभा राहावा, यापलीकडे त्याला जगाकडून काही नको होतं. ते सोडून बाकी सगळं तो बोलायचा.

आता खरी गोष्ट सांगतो. ते बॉनेट जड नव्हतंच मुळी. पहिल्यांदा केलं तेव्हा चौदा किलो भरलं होतं. साचेवाल्याची बायको ते एका हातानं उघडून दुसऱ्या हातानं त्याच्या नाकासमोर चहाचा कप धरायची. ती गेली. पुढच्याच रविवारी मुलगा निघताना दारात म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी बहुतेक जमणार नाही." त्या रात्री साचेवाल्याला झोप आली नाही. पोरगा यायचं थांबणार, हे त्याला लख्ख दिसलं. नुसतं 'ये' म्हटल्यानं येईल असं काही आपण त्याला आयुष्यात दिलेलं नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. मग काय करायचं? यायलाच लागेल असं काहीतरी काम हवं. म्हाताऱ्या बापाला एकट्याला उचलणारच नाही असं.

म्हणून त्यानं बॉनेट काढलं, उलटं केलं आणि आतून फायबरचा आणखी एक थर चढवला. अडीच किलोनं वाढलं. पुढे मुलाच्या येण्यात जरा ढिलाई दिसली की आणखी एक. चार वर्षांत असे अकरा थर झाले.

यातली गंमत बघा. बॉनेट उघडायला ज्याला दुसऱ्या माणसाची गरज लागते म्हणे, तो हा गृहस्थ तेच बॉनेट तुळईला चेनची कप्पी लावून एकटा उचलायचा, बिजागऱ्या सोडवायचा, ते लाकडी घोड्यांवर उलटं पाडायचा, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून रेझिन ओतायचा, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचा, आणि दोन दिवसांनी एकटाच परत बसवायचा. कंबरेचा पार काटा ढिला व्हायचा. मग कप्पी रिकाम्या टाकीत लपवायची आणि रविवारी कण्हत म्हणायचं, "माझ्यानं नाही बाबा उचलत आता."

या सगळ्यात त्यानं एकच चूक केली, आणि ती त्याच्या धंद्यातल्या माणसानंच करावी अशी होती. फायबरचं काम करणारे प्रत्येक वस्तूवर आतल्या बाजूला तारीख आणि वजन लिहितात आणि वरून रेझिनचा हात मारतात. रेझिन वाळलं की काचेसारखं आरपार दिसतं, अक्षर आत कायमचं राहतं. उद्या वस्तू फुटून परत आली तर कोणी, कधी, किती जाड केली ते कळावं म्हणून ही रीत. चाळीस वर्षं हात तेच करत आला होता. डोकं लबाडी करत होतं, पण हात बिचारा इमानदार. प्रत्येक थरावर त्यानं नीट वळणदार अक्षरात तारीख घातली, वजन लिहिलं. मग सगळ्यावर काळ्या जाड कापडाचं अस्तर चापांनी बसवून टाकलं.

घात केला समोरच्या पंक्चरवाल्यानं. एका रविवारी मुलगा खांदा चोळत बाहेर पडला तेव्हा याला काय उमाळा आला कोण जाणे. "अहो, डिकीला असतात ना गॅसचे रॉड, दाबले की आपोआप वर नेणारे? ते बसवून टाका की बॉनेटला. म्हातारा एका बोटानं उघडेल." साचेवाल्यानं खिडकीतून बघितलं. मुलगा रस्त्यातच थांबला होता. त्यानं मागे वळून कारखान्याकडे बघितलं, आणि गेला.

तो आठवडा साचेवाल्यानं पंक्चरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालण्यात काढला.

पुढच्या रविवारी मुलगा दहालाच आला. खांद्यावर पिशवी, काखेत वजनकाटा. पिशवीतून त्यानं दोन काळे रॉड काढले, लोखंडी पट्ट्या काढल्या, ड्रिल काढलं आणि सगळं जमिनीवर ओळीनं मांडलं. चेहऱ्यावर चक्क हसू होतं. बापासाठी काहीतरी आणलेल्या मुलाचं असतं तसं.

"हे काय?"

"तुमची कटकट संपवतो. आता केव्हाही उघडा, कोणाची वाट बघायला नको."

"फायबर तडकेल," साचेवाला म्हणाला.

"आतून रुंद पट्टी देतो, भार पसरेल. आमचं रोजचंच काम आहे हे. वजन उचलायचं नसतं बाबा, तोलायचं असतं. समोर तेवढाच जोर ठेवला की बोटानं हलतं."

"भोकं पाडून गाडीची किंमत घालवशील."

"ही गाडी कोण घेणार आहे?"

"मला सवय आहे. चाललंय ते ठीक आहे."

"तुमचं चाललंय," मुलगा म्हणाला. "माझा खांदा गेलाय. सांगितलं होतं ना तुम्हाला, डॉक्टर म्हणाला वजन उचलू नका म्हणून."

मुलानं स्टुलावर काटा ठेवला आणि बॉनेटची पुढची कड त्यावर टेकवली. काटा एकवीसवर थांबला.

"कडेला एकवीस. म्हणजे सगळं मिळून चाळीसच्या वर. तुम्ही तर म्हणायचा चौदा किलोचं केलं होतं."

"काटा बिघडलाय तुझा."

मुलगा काटा जमिनीवर ठेवून स्वतः त्यावर उभा राहिला. "बहात्तर. माझं तर बरोबर दाखवतोय." तो अजून हसतच होता. पण आता त्याला नवल वाटायला लागलं होतं, आणि नवल वाटलेला दुरुस्तीवाला म्हणजे हाड दिसलेलं कुत्रं, तो काही सोडत नाही. बॉनेट वर बांधायला त्यानं पट्टा तुळईच्या आकड्यात अडकवला, आणि आकड्यावरून बोट फिरवलं. सगळी तुळई धुळीनं माखलेली, आकडा मात्र घासून लख्ख.

"हा रोज वापरता की काय?"

"असाच आहे तो."

पट्ट्यानं बॉनेट वर बांधून मुलगा खाली शिरला आणि अस्तराच्या पहिल्या चापाला हात घातला.

"अस्तर काढू नको," साचेवाला ओरडला. "फाटेल! नवीन मिळत नाही तसलं."

"चाप तर आहेत नुसते."

"नको म्हणतो ना! माझी गाडी आहे."

इतक्या जोरात तो कित्येक वर्षांत ओरडला नव्हता. टोमणे मारायचा, पण आवाज चढवायचा नाही. मुलगा बॉनेटखालून बाहेर आला, बापाकडे बघितलं, आणि परत आत जाऊन एकेक चाप काढत गेला. अस्तर लोंबलं, मग खाली पडलं. त्यानं टॉर्च लावला.

साचेवाला पुसलेल्या स्टुलावर जाऊन बसला.

"चौदा मार्च," आतून मुलगा वाचायला लागला. "साडेसोळा किलो."

मग टॉर्च जरा सरकला. "नऊ जुलै. एकोणीस किलो." थांबला. "नऊ जुलै. आम्ही जूनच्या शेवटी घर बदललं. मी म्हणालो होतो, आता लांब पडतं, पंधरा दिवसांनी येत जाईन."

साचेवाल्यानं गुडघ्यांवर हात ठेवले होते. ते उचलून त्यानं मांडीखाली घातले.

"दोन डिसेंबर. साडेएकवीस. हिचं ऑपरेशन होतं तेव्हा. दोन रविवार चुकले होते माझे." मधमाशांच्या पोळ्यातून मध निथळावा तशा रंगाच्या त्या रेझिनमध्ये एकाखाली एक तारखा दिसत होत्या, जुन्या खोल आणि फिकट, नव्या वर आणि ठळक. मुलगा एकही न गाळता वाचत गेला. कुठल्या तारखेला काय झालं होतं ते त्याला आठवत होतं. बढती मिळाली ते. ताप आला होता ते. बायकोला घेऊन चार दिवस बाहेरगावी गेला होता ते. साचेवाल्याला कोणी भरचौकात उघडं केल्यासारखं झालं होतं, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं की आता कळेल याला. न सांगता कळेल. बरंच झालं.

"सव्वीस ऑगस्ट," मुलगा म्हणाला. "साडेएक्केचाळीस किलो. ही शेवटची." टॉर्च बंद झाला. "बावीस ऑगस्टला मी तुम्हाला खांद्याचं सांगितलं. डॉक्टरचा कागद दाखवला. चार दिवसांनी तुम्ही हा थर टाकला."

तो बाहेर आला. आता हसत नव्हता, आणि रागावलेलाही दिसत नव्हता. रागावला असता तर साचेवाल्याला बरं वाटलं असतं, रागाशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक होतं.

"मला काय वाटायचं सांगू?" मुलगा म्हणाला. "मला वाटायचं, आईच्या वेळी मी दीड तास उशिरा आलो, त्याची ही फेड आहे. म्हणून धरून उभा राहायचो. दुखलं तर दुखू दे, म्हणायचो. रॉड बसवायचं मला चार वर्षं सुचलं नाही, कारण सुचू दिलं नाही मी. एवढ्या रविवारांत किती दीड तास झाले असतील, बाबा?"

साचेवाला खाली पडलेल्या अस्तराकडे बघत राहिला.

"एकदा सांगा फक्त. का केलंत?"

त्यानं खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता, वकिली नव्हती. उत्तराची वाट बघत हातात टॉर्च धरून तो उभा होता, आणि त्या क्षणी साचेवाल्यानं दोन शब्द नीट बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. ते शब्द त्याच्या घशापर्यंत आलेही. तू यावास म्हणून. एवढंच. त्यानं तोंड उघडलं.

"जाड असलं की टिकतं," तो म्हणाला. आणि पोराचा चेहरा पडलेला बघूनही जीभ थांबली नाही. "तुझ्या हातात जोर नाही, त्याला मी काय करू?"

मुलानं मान हलवली. फारसं काही वेगळं ऐकायला मिळेल असं त्यालाही वाटलं नसावं. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि कामाला लागला.

काम मात्र त्यानं सुरेख केलं. बॉनेटच्या आत दोन्ही बाजूंना रुंद पट्टी बोल्टांनी बसवली, मधे रबराचा तुकडा दिला. खालच्या बाजूला बसवायला तीन भोकांचं तयार ब्रॅकेट त्यानं आणलं होतं. ते त्यानं हातात घेतलं, बघितलं आणि पिशवीत परत टाकलं. मग कोपऱ्यातल्या भंगारातून दोन लांब पट्ट्या काढल्या, खडूनं खुणा केल्या आणि भोकं पाडायला सुरुवात केली. साचेवाला स्टुलावरून बघत होता. भोकं एका रेषेत होती, सारख्या अंतरावर होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. हात चांगला आहे पोराचा, त्याच्या मनात आलं. हेही तो कधी बोलला नव्हता. एवढी भोकं कशाला, ते मात्र त्याला कळेना.

रॉड बसले. मुलानं पट्टा सोडला, बॉनेट दाबून बंद केलं आणि बाजूला झाला.

"उचला."

साचेवाला उठला. त्यानं कडेखाली बोटं घातली आणि लगेच त्याच्या हातांना कळलं की वजन नाहीसं झालंय. तरी त्यानं दातओठ खाल्ले, गुडघे वाकवले, कण्हला. बॉनेट अर्ध्यावर आणून तो दोन्ही हातांनी ते खाली ओढत उभा राहिला. "जड लागतंय," तो म्हणाला. "नाही जमणार मला. बघ, पडतंय."

"बाबा, हात काढा."

"पडेल."

"काढा हात."

त्यानं हात काढले. बॉनेट क्षणभरही थांबलं नाही. सावकाश, काही आवाज न करता ते आपलं आपण वर गेलं आणि वरच राहिलं. समोर पंक्चरवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मुलगा खाली वाकला आणि पट्टीवर बोट ठेवलं. "हे बघून ठेवा. पिन आता पहिल्या भोकात आहे, बेचाळीस किलोला. तुम्ही आणखी एक थर टाकलात की पिन एक भोक पुढे घ्यायची, दोन्ही बाजूंची. तेवढा जोर वाढतो. दुसरा थर टाकलात की आणखी एक. पुढची दहा भोकं जास्तीची केलीत." त्यानं हात पुसले. "दर वेळी तुम्हाला किती दिवस लागतात ते आताच वाचलं. दहा तुम्हाला पुरतील."

साचेवाल्यानं वाकून भोकं मोजली.

"काटा ठेवून जातो. वजन लिहायला लागेल ना तुम्हाला." त्यानं पिशवी भरली, ड्रिलची वायर नीट गुंडाळली. चहाचं विचारायला हवं हे साचेवाल्याला आठवलं तोवर तो रस्त्यापलीकडे गेला होता. जाताना पंक्चरवाल्याशी दोन शब्द बोलला, हसलाही.

पुढच्या रविवारी साडेदहाला साचेवाल्यानं एका बोटानं बॉनेट उघडलं आणि इंजिनात डोकं घातलं. तेल बरोबर होतं, पाणी बरोबर होतं. तीन मिनिटांत काम संपलं. त्यानंतरच्या रविवारी त्यानं पंक्चरवाल्याला हाक मारून बोलावलं आणि त्याला सांगायला लागला की आजकालच्या कामात कसा दम नाही, मुलं कशी नालायक निघतात. पंक्चरवाला बॉनेटखाली खिशात हात घालून उभा राहिला आणि हं-हं करत राहिला. त्याला काही धरून ठेवायचं नव्हतं. पाच मिनिटांत गिऱ्हाईक आलं म्हणून गेला, आणि गिऱ्हाईक काही आलं नव्हतं.

मुलगा आला नाही. सात रविवार गेले. सूनबाईचा एकदा फोन आला, तब्येत कशी आहे विचारायला. साचेवाला म्हणाला ठीक आहे, आणि तो कुठाय हे विचारायचं राहून गेलं.

सातव्या रविवारनंतर त्यानं टाकीतून कप्पी काढली. उद्योग म्हणून करतोय, असं स्वतःला सांगितलं. बॉनेट उतरवलं, मॅट कापली, रेझिनमध्ये हार्डनर मिसळला, थर चढवला. मुलानं ठेवलेल्या काट्यावर वजन केलं, तारीख घातली, चव्वेचाळीस लिहिलं. परत बसवून उघडलं तर बॉनेट अर्ध्यावर गेलं आणि थरथरत तिथून हळूहळू खाली आलं. जड झालं होतं! खरंच जड झालं होतं, एकट्याला न उचलण्याइतकं. त्यानं मुद्दाम तीनदा करून बघितलं आणि तिन्ही वेळा ते खाली आलं.

फोन करायच्या आधी त्यानं रिकाम्या कारखान्यात उभं राहून वाक्य पाठ केलं. बॉनेटचं काही नाही रे, तू नुसता ये. चहा घेऊ. मोठ्यानं म्हणून बघितलं, दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा बरोबर जमलं. मग नंबर लावला.

"हं," मुलगा म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं.

"उघडत नाही रे," साचेवाला म्हणाला. "जड झालंय."

पलीकडे भांडी वाजत राहिली.

"पिन एक भोक पुढे घ्या," मुलगा म्हणाला आणि फोन ठेवला.

साचेवाला पाना घेऊन खाली वाकला. डावीकडची पिन काढून पुढच्या भोकात घातली, उजवीकडची काढून पुढच्या भोकात घातली. भोकं इतकी नेमकी पाडलेली होती की पिना हातानंच बसल्या, ठोकायला लागल्या नाहीत. त्यानं कडेखाली एक बोट घातलं आणि बॉनेट आपलं आपण वर गेलं. अजून नऊ भोकं शिल्लक होती.